हेन्री मॉडस्ले आणि मामांची काठवट

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लेख लिहितेय म्हटल्यावर माझी रूममेट हसून हसून पलंगावरून पडायचीच बाकी होती. ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासून दिलेत, तरी काही राहिलं असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. विषय मात्र माझा स्वतःचा आहे आणि तो मला फर्स्ट इयरला वर्कशॉपच्या व्हायव्हात मिळाला.

सरांनी विचारलं होतं, लेथचा शोध कोणी लावला? मी ठोकून दिलं, हेन्री मॉडस्ले. मार्क मिळाले. सेकंड इयरला लायब्ररीत एक जुनं जाडजूड पुस्तक हाती लागलं तेव्हा कळलं की माझं उत्तर साफ चुकलं होतं. लेथ दोन हजार वर्षांहून जुना आहे. इजिप्तमधल्या एका थडग्याच्या भिंतीवर, ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमाराचं, लेथवर काम करणाऱ्या दोन माणसांचं चित्र कोरलेलं आहे. एक दोरी ओढतोय, दुसरा हत्यार धरून बसलाय. हे चित्र मला लगेच ओळखीचं वाटलं, कारण उमरखेडला माझ्या मामांचा लाकडाचा खराद आहे आणि मोटर येण्याआधी आजोबांच्या काळात तोही एक माणूस दोरीने ओढायचा आणि दुसरा हत्यार धरायचा. पुस्तकी मराठीत या कामाला कातकाम आणि ते करणाऱ्याला कातारी म्हणतात हे मला रूममेटने सांगितलं. आमच्याकडे खराद हाच शब्द चालतो.

मग मॉडस्लेने काय केलं? तर जे हत्यार इजिप्तपासून आजोबांपर्यंत माणूस हातात धरत होता, ते त्याने हातातून काढून मशीनला दिलं. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीवर आपली अख्खी मेकॅनिकल ब्रँच उभी आहे.

हेन्री मॉडस्लेचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ चा, लंडनजवळच्या वूलिचचा. वडील सैन्यात गाड्यांची चाकं बनवणारे सुतार होते. लढाईत जखमी झाल्यावर त्यांना वूलिचच्या सरकारी शस्त्रागारातच काम मिळालं. म्हणजे आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला आरे बसवणारा सुतार असतो ना, तशा घरातला हा मुलगा. शाळा-कॉलेज काही नाही. बाराव्या वर्षी तो शस्त्रागारात काडतुसांत दारू भरायला लागला. हे काम लहान मुलांकडून करून घेत. दोन वर्षांनी त्याला सुतारकामाच्या शेडमध्ये घातलं, पण त्याचं लक्ष सारखं बाजूच्या लोहारशाळेकडे. शेवटी पंधराव्या वर्षी त्याला तिकडे पाठवलं. तिथे तो इतका तयार झाला की अठराव्या वर्षापर्यंत त्याचं नाव वूलिचच्या बाहेर गेलं होतं.

त्याच वेळी लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा एक माणूस भलत्याच अडचणीत होता. ब्रामा मुळात सुतार. १७८४ मध्ये त्याने एक कुलूप शोधून काढलं होतं, कोणालाही उघडता न येणारं. अडचण अशी की ते कोणाला नीट बनवताही येत नव्हतं! सुटे भाग इतके बारीक की हाताने कानस मारून एकसारखे होईनात. ब्रामाने मॉडस्लेला बोलावून घेतलं आणि समोर अठरा वर्षांचा पोरगा बघून तो गोंधळला. त्या काळी सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय कोणी कारागीर मानत नसे, आणि मॉडस्लेने तशी उमेदवारी केलीच नव्हती. जुने कामगार याच्याबरोबर काम कसे करतील? गोष्ट अशी सांगतात की मॉडस्लेनेच कोपऱ्यात पडलेला एक झिजलेला व्हाइस दाखवला आणि संध्याकाळी सुट्टी व्हायच्या आत तो नव्यासारखा करून दिला. जुन्या लोकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि प्रश्न मिटला. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मोजून सहा मुली आहोत, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच आवडते.

ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेलं असे. जो उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस. ते मॉडस्लेने बनवलेलं होतं. १८५१ मध्ये आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन माणसाने ते उघडलं, १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून. तोवर ब्रामाही नव्हता आणि मॉडस्लेही. कुलपाचे भाग एकसारखे निघावेत म्हणून मॉडस्लेने वेगवेगळी मशीन्स बनवली होती. आपल्या हायड्रॉलिक्सच्या पुस्तकातल्या ब्रामा प्रेसमध्ये पाणी गळू न देणारं जे चामड्याचं वायसर असतं, जेवढा दाब जास्त तेवढं ते घट्ट बसतं, तेही मॉडस्लेचंच डोकं असं त्याचे शिष्य सांगत. प्रेसला नाव मात्र ब्रामाचं.

मधल्या काळात, १७९१ मध्ये, त्याने ब्रामाच्याच घरी काम करणाऱ्या सारा नावाच्या मुलीशी लग्न केलं. मुलं झाली, खर्च वाढला. तो वर्कशॉपचा मुख्य झाला होता, पण पगार आठवड्याला ३० शिलिंग. १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने झटकून टाकली, आणि मॉडस्लेने नोकरी सोडली. ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ एका गल्लीत स्वतःचं छोटंसं दुकान टाकलं. पहिली ऑर्डर काय होती माहितेय? एका चित्रकाराच्या मोठ्या ईझलची लोखंडी फ्रेम. सुरुवात अशीच असते बहुतेक.

आता त्या हत्याराच्या गोष्टीकडे येते. इथे मला इंग्लंड सोडून उमरखेडला यावं लागेल, कारण स्लाइड रेस्ट म्हणजे नेमकं काय हे मला लेथ मॅन्युअल वाचून कधी कळलं नव्हतं, ते मामांच्या खरादावर कळलं. कॉम्प्युटरवाल्यांनीही हा भाग सोडू नये, सोपा आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला वादळात मामांच्या बांधावरचं जुनं कडुनिंब पडलं. त्याच्या खोडाला एक गाठ होती, बुडाजवळ, भल्या मोठ्या भोपळ्याएवढी. असल्या गाठीत लाकडाचे रेषे सरळ जात नाहीत. भोवऱ्यासारखे फिरतात, मधे बारीक डोळे असतात. जळणाला देताना लोक तिला शिव्या घालतात, कारण कुऱ्हाड चालत नाही. मामांनी ती कापून बाजूला ठेवली, कापलेल्या बाजूला जुना ऑइल पेंट फासला म्हणजे एकदम सुकून तडकणार नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी गेल्यावर दाखवली. वीस इंच रुंद. आजीसाठी काठवट करू म्हणाले, पण कड कापायची नाही. झाडाची साल जशी आहे तशीच काठाला ठेवायची. अशी एक परात त्यांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिली होती आणि तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यात होती.

वीस इंचाची गाठ खरादाच्या नेहमीच्या जागेत मावेना, खाली बेडला अडते. म्हणून मामांनी ती हेडस्टॉकच्या पलीकडच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला लावली. सपाट बाजूवर रंधा मारून लोखंडी तबकडी जाड स्क्रूंनी घट्ट बसवली, आणि हत्यार टेकवायला अँगलचा एक वेगळा स्टँड जमिनीवर ठोकला. मग मोटर न लावता गाठ हाताने फिरवून सोडून दिली. जड बाजू आपोआप खाली यायची. तिथलं लाकूड वाकसाने थोडं उडवायचं, परत फिरवायचं. बॅलन्सिंगचा एक पूर्ण युनिट आम्हाला आहे, मामा तो अर्ध्या तासात बिडी ओढत करतात. पट्टा सगळ्यात मोठ्या पुलीवर टाकला. मोटर १४४० ची, पुल्या अडीच आणि दहा इंची, म्हणजे ३६० आरपीएम. हे कमी वाटतं. पण वीस इंचाच्या कडेचा वेग काढला तर ताशी जवळजवळ ३४ किलोमीटर येतो, म्हणजे गावात मोटरसायकल जाते तेवढा. मला त्यांनी वेणी ड्रेसच्या आत खोचायला लावली, ओढणी काढून ठेवायला लावली आणि आधी दोन पावलं मागे उभं केलं.

गाठ फिरायला लागली की तिची वाकडीतिकडी कड दिसेनाशी होते. दिसते ती नुसती एक करडी सावली. त्या सावलीत अर्धं लाकूड आहे आणि अर्धी हवा. गोल पटाशी तिथे लावली की टक टक टक असा आवाज येतो, एका फेरीत हत्यार लाकडाला लागतं, सुटतं, परत लागतं. मामा पटाशीची मूठ कमरेला टेकवून हातांनी नाही तर अख्ख्या अंगाने वळतात. धारेच्या मागचा उतार आधी लाकडावर घासू द्यायचा, मग मूठ किंचित उचलायची, तेव्हा कुठे धार लाकडात शिरते. गाठीतला रेषा बोटाबोटावर दिशा बदलतो, तसा पटाशीचा कोनही बदलत राहायचा. जाडी मोजायला कॅलिपर होतं, पण ते त्यांनी फारसं हातात घेतलं नाही. कड पातळ होत आली की आवाज वरच्या पट्टीत जातो, त्यावरून त्यांना कळतं. आधी कड पूर्ण पातळ करून घ्यायची, मधला भाग जाडच ठेवायचा आणि शेवटी काढायचा. मधला आधी काढला तर कड थरथरते आणि परत तिकडे हत्यार लावता येत नाही. कडुनिंबाचा कडू भुसा घशात जाऊन आम्ही दोघंही शिंकत होतो ते वेगळंच.

मला त्यांनी मधला भाग करायला दिला. दहा मिनिटं ठीक चाललं. मग मी शहाणपणा करून कडेकडे गेले. उतार लाकडावरून सुटला, धार एकदम आत घुसली, धाडकन आवाज आला आणि सालीचा बोटभर तुकडा उडून टिनावर आपटला. मामांनी मोटर बंद केली. ओरडले नाहीत. तुकडा शोधून आणला, लावून पाहिला, बसत नव्हता. मग म्हणाले, राहू दे, ती जागा तुझी.

स्लाइड रेस्ट नेमका हा प्रसंग टाळतो. हत्यार माणसाच्या हातात नाही, लोखंडी पकडीत. पकड बसलेली घसरपट्टीवर. हँडल फिरवलं की हत्यार सरळ रेषेतच जाणार, ठरवलेलं तेवढंच आत जाणार. हात कापला, लक्ष उडालं, भूक लागली, काही फरक नाही. असे रेस्ट मॉडस्लेच्या आधीही होते, फ्रान्समध्ये वोकांसोनने आणि रशियात नार्तोवने केलेले. मॉडस्लेने १८०० च्या आसपास काय केलं, तर पूर्ण लोखंडी, न हलणारा लेथ घेतला, त्यावर स्लाइड रेस्ट बसवला, तो एका लांब स्क्रूने पुढे सरकवला आणि तो स्क्रू गिअरने फिरणाऱ्या कामाशी जोडला. गिअर बदलले की हवी ती आट्यांची पिच. म्हणजे आपल्या वर्कशॉपमधला सेंटर लेथच, फक्त मोटर नाही.

त्याच्या आधी नट आणि बोल्ट जोडीने बनत. प्रत्येक जोडीवर खूण, एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे, मशीन उघडलं की अर्धा दिवस जोड्या लावण्यात जाई. मॉडस्लेला हे सहन होत नसे. त्याने आपल्या दुकानापुरती आट्यांची मापं ठरवून टाकली. त्याने केलेला एक स्क्रू ५ फूट लांब, २ इंच जाड होता आणि एका इंचात ५० आटे. त्याचा नट १२ इंची, म्हणजे एका वेळी ६०० आटे एकमेकांत बसलेले. दुर्बिणींच्या मोजपट्ट्या आखायला तो वापरला गेला. आणि मापावरून भांडण झालं तर शेवटचा निकाल द्यायला त्याने स्वतःसाठी टेबलावरचा एक मायक्रोमीटर केला होता, इंचाचा दहा हजारावा भाग दाखवणारा. त्याचं नाव ठेवलं होतं लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे सगळ्यात वरचा न्यायाधीश. तो आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. आमचा व्हर्निअर यापेक्षा वीसपट जाडा भाग वाचतो आणि तरी आमच्या बॅचची तीन रीडिंग तीन येतात.

गंमत म्हणजे त्या लेथची सपाट घसरपट्टी लेथवर झालेली नव्हती. ती मॉडस्लेने हाताने, कानस आणि खरवडणीने केलेली. पुढचा भाग वाचताना हे लक्षात असू द्या.

तर मॉडस्लेच्या दुकानाच्या खिडकीत मांडलेला एक सुंदर स्क्रू एका फ्रेंच निर्वासिताने पाहिला आणि ही बातमी मार्क ब्रुनेल या दुसऱ्या फ्रेंच निर्वासितापर्यंत गेली. ब्रुनेल राज्यक्रांतीतून जीव वाचवून आलेला होता. त्याच्या डोक्यात एक योजना होती, पण ती लोखंडात उतरवणारा माणूस सापडत नव्हता. योजना होती लाकडी कप्प्यांची.

शिडाच्या जहाजावर दोर ओढायला कप्प्या लागतात, एका मोठ्या युद्धनौकेला हजाराच्या घरात. नेपोलियनशी युद्ध चालू, इंग्लंडच्या नौदलाला वर्षाला सुमारे एक लाख कप्प्या हव्यात, आणि सगळ्या हातांनी बनणाऱ्या. बाहेरचं कवच एल्मच्या लाकडाचं, आतलं चाक लिग्नम व्हिटी नावाच्या, पाण्यात टाकलं तर बुडेल एवढ्या जड लाकडाचं. ब्रुनेलने काम तुकड्यांत पाडलं, भोक पाडायचं एक मशीन, खाच मारायचं दुसरं, चाक कातायचं तिसरं. कवचाला गोलाई देणारं मशीन तर बघण्यासारखं आहे. एका मोठ्या चाकाच्या परिघावर दहा लाकडी ठोकळे आवळायचे, चाक फिरवायचं, आणि हत्यार एका वळणदार पट्टीच्या आधाराने सरकत दहाही ठोकळ्यांना एकसारखा बाक देणार. मग ठोकळे एकदम वळवायचे आणि दुसरी बाजू. मॉडस्लेने १८०२ ते १८०८ या सहा वर्षांत चाळीसहून जास्त मशीन्स बनवून दिली. ती पोर्ट्समथच्या गोदीत वाफेच्या इंजिनावर लागली. १८०८ मध्ये त्यांवर १ लाख ३० हजार कप्प्या निघाल्या. त्यातली काही मशीन्स शंभर वर्षांहून जास्त चालली.

आणि मग प्रत्येक पुस्तकात येणारं ते प्रसिद्ध वाक्य: पूर्वी जे काम ११० कुशल कारागीर करत, ते आता १० साधे मजूर करू लागले.

मी सेकंड इयरला हे वाचून वहीत अधोरेखित केलं होतं. प्रॉडक्टिव्हिटी अकरापट! दिवाळीत, परात अर्धी झालेली, लाइट गेलेली, तेव्हा वेळ घालवायला मी मामांना ही सगळी गोष्ट सांगितली. कुलूप आवडलं, व्हाइस तर फारच आवडला. पोर्ट्समथवर आले, ११० आणि १० सांगितलं. मामांनी एकच विचारलं, बाकीचे शंभर कुठं गेले?

मला उत्तर आलं नाही. त्यात दुकानात मामांचा मदतनीस पोरगा बसलेला, लाटण्यांना पॉलिश पेपर मारत. मामांची सगळी कमाई या लाटण्या-पोळपाटांवर, पाळण्याच्या दांड्यांवर, पलंगाच्या पायांवर होती. पलंग लोखंडी झाले, लाटणी बाहेरून गोणीने येतात, मशीनवर कातलेली, मामांना लाकूड ज्या भावात पडतं त्यापेक्षा स्वस्त. पूर्वी दुकानात चार माणसं होती. म्हणजे प्रश्न इंग्लंडचा नव्हताच.

परत आल्यावर मी पुन्हा लायब्ररीत बसले. ब्रुनेलला सरकारने बक्षीस दिलं ते या मशीन्समुळे एका वर्षात किती पैसे वाचले हे मोजून, सुमारे १७ हजार पौंड. वाचले म्हणजे काय? बऱ्याच अंशी त्या शंभर जणांची मजुरी. अर्थात ब्रुनेलचंही फार भलं झालं असं नाही, १८२१ मध्ये तो कर्जापायी तुरुंगात गेला होता. पोर्ट्समथची मशीन्स पूर्ण बसल्यावर तीन वर्षांनी, १८११ मध्ये, इंग्लंडच्या मध्य भागात विणकरांनी माग फोडायला सुरुवात केली आणि १८१२ मध्ये पार्लमेंटने माग फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. हे आम्हाला सातवीच्या हिस्ट्रीत होतं, पण ते आणि मॉडस्ले एकाच देशात, एकाच वेळी होते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर मॉडस्लेवर अन्याय होईल. पोर्ट्समथच्या कामाने त्याचं दुकान वाढलं. १८१० मध्ये त्याने लॅम्बेथमध्ये एक जुनी घोडेस्वारीची शाळा घेऊन कारखाना काढला. तिथे जहाजांची वाफेची इंजिनं होऊ लागली, ब्रुनेलच्या टेम्स नदीखालच्या बोगद्याचं खोदकामाचं शील्डही तिथेच झालं. शेकडो माणसांना काम मिळालं, आणि तेही हाताचं, कौशल्याचं. फक्त ती माणसं वेगळी होती. कप्पी कातणारा उद्या इंजिन फिटर होत नाही.

शिकवण्यात मात्र त्याने हात आखडता घेतला नाही. आट्यांचं माप देशभर एक करणारा व्हिटवर्थ त्याच्या हाताखालचा. वाफेचा घण करणारा नॅस्मिथ त्याचा, बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग बनवणारा क्लेमेंट त्याचा, रिचर्ड रॉबर्ट्सही त्याचाच. आपल्या वर्कशॉपमधल्या जुन्या टॅपच्या डब्यावर बीएसडब्ल्यू लिहिलंय ना, त्यातला डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. मॉडस्ले सहा फुटांहून उंच होता, दिलखुलास होता, आणि मालक झाल्यावरही स्वतःच्या छोट्या खोलीत कानस घेऊन उभा राही. शिष्यांनी लिहून ठेवलंय की पलीकडच्या माणसाच्या कानशीच्या आवाजावरून काम कसं चाललंय ते तो ओळखत असे. हे वाचलं तेव्हा मला परातीच्या कडेचा चढत जाणारा आवाज आठवला. हाताची गरज संपवणारं मशीन ज्याने केलं, त्याचे स्वतःचे हात आणि कान मामांसारखे होते.

शेवटी शेवटी त्याला आकाश बघायचा नाद लागला. मोठी दुर्बीण स्वतः बनवायची असं त्याच्या मनात होतं, ते राहून गेलं. १८३१ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या आजारी मित्राला भेटून येताना समुद्रावर त्याला थंडी बाधली आणि १४ फेब्रुवारी १८३१ ला तो गेला. वय ५९. वूलिचच्या चर्चमध्ये जिथे त्याला पुरलं, तिथलं थडगं ओतीव लोखंडाचं होतं, आणि त्याचं डिझाइन त्याने आधीच स्वतः करून ठेवलं होतं. कंपनी पुढे मुलांनी चालवली, विसाव्या शतकाच्या तोंडावर ती बंद पडली.

परात पूर्ण झाली. तळाला पाव इंच, कडेला त्याहून कमी, आणि एका ठिकाणी माझी बोटभर खाच. तेल लावल्यावर आतले भोवरे असे वर आले की शेजारचे लोक बघायला आले. आजीने मात्र हात फिरवून पाहिला आणि ही काठवट नव्हे म्हणून निकाल दिला. सालीत पीठ अडकणार, खाचेतून पाणी सांडणार आणि भाकरी कडू लागली तर कोण खाणार? सध्या तिच्यात चिंचा असतात.

आता माझी अडचण. थर्ड इयरच्या प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने विषय घेतलाय, लाटणी कातणारा ऑटोमॅटिक लेथ. स्टेपर मोटर, स्लाइड, कंट्रोलर, एकदा प्रोग्रॅम टाकला की लाटण्यामागून लाटणं. विषय मीच सुचवला होता, मामांना डोळ्यांसमोर ठेवून. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी किंमत विचारली. लाटणी कातायचा त्यांना बत्तीस वर्षांचा कंटाळा आहे. मशीन परवडलं तर घेऊ, बाहेरच्या गोणीशी टक्कर देता येईल, गाठीचं काम हाताने करू, असं म्हणाले. पोराकडे बघितलं आणि गप्प झाले. पोरगा पुढच्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारत होता, ते मशीन चालवायला किती शिकावं लागतं.

रिपोर्ट मार्चमध्ये द्यायचा आहे. फायद्यांच्या प्रकरणात पार्टनरने पहिलाच मुद्दा टाकलाय, मजुरी खर्चात बचत, आणि पुढे टक्केवारीसाठी जागा मोकळी सोडलीय. आकडा काढायचं काम माझ्याकडे आहे. हिशेब सोपा आहे, पोराचा पगार मला माहीत आहे. पान अजून तसंच उघडं आहे. गाइड सरांना मी विचारलंय की त्याच प्रकरणात आणखी एक ओळ घालता येईल का, मशीन चालवायला शिकवण्याचा वेळ आणि खर्च अशी. सोमवारी बोलावलंय.